नवी ओपन-व्हील रेस कार पहिल्यांदा बघताना आणि चालवताना नेमकं काय तपासायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी स्वतः रेस कार बनवून उतरण्याची स्पर्धा) टीमने नवी सिंगल-सीटर बनवली आहे. 373 सीसीचं एक-सिलिंडर मोटरसायकल इंजिन, चेन ड्राइव्ह, 10 इंची चाकं, पुढेमागे विंग. पुढच्या आठवड्यात ती पहिल्यांदा चालणार आणि तुम्हाला तिचं 'फर्स्ट इम्प्रेशन' लिहून द्यायचं आहे.

पहिल्या दिवशी गाडी जे काही करते त्यातलं फार थोडं डिझाइनमुळे असतं. ढिले सांधे, चुकलेला टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन), ब्रेकमध्ये अडकलेली हवा आणि धुळकट जमीन यांचाच परिणाम जास्त दिसतो. 'गाडी अंडरस्टीअर करते' (स्टीअरिंग फिरवलं त्यापेक्षा कमी वळते) हे एक वाक्य रिपोर्टमध्ये गेलं की त्यावर विसंबून सस्पेन्शनचे पॉइंट्स बदलायची चर्चा सुरू होते आणि दोष निघतो एखाद्या ढिल्या जॅम नटात (आटे जागेवर घट्ट धरणाऱ्या नटात). त्यामुळे निम्म्याहून जास्त निरीक्षणं गाडी वर्कशॉपमध्ये उभी असतानाच लिहून काढा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात हातांनी करा. गाडी स्टँडवर घ्या, एकेक चाक वर-खाली (घड्याळातले 12 आणि 6) धरून हलवा, मग डावी-उजवीकडे (9 आणि 3) धरून हलवा. 'टक' असा बारीक आवाज किंवा हातांना जाणवणारी हालचाल म्हणजे प्ले. आता दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि तेच चाक पुन्हा हलवा. प्ले गेला तर दोष व्हील बेअरिंगमध्ये किंवा त्याच्या प्रीलोडमध्ये (बसवताना दिलेल्या दाबात) आहे, कारण ब्रेक लागल्यावर कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) चाकासोबत फिरणारा हब आणि त्याला धरणारा स्थिर अपराइट यांना एकत्र जखडतो. प्ले तसाच राहिला तर विशबोनचे (चाक चॅसीला जोडणाऱ्या V आकाराच्या दांड्यांचे) रॉड-एंड (टोकाचे गोल फिरणारे सांधे), अपराइटवरचे बोल्ट किंवा टाय-रॉड (स्टीअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणारा दांडा) बघा. दोन मिनिटांचं काम, पण यातून जेवढं कळतं तेवढं तासभर चालवूनही कळत नाही.

रॉड-एंडकडे बारकाईने बघा. त्याचा आटे असलेला दांडा ओढ आणि दाब सहन करतो, वाकणं सहन करत नाही. कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) ॲडजस्ट करण्यासाठी तो खालच्या विशबोनच्या बाहेरच्या टोकाला लावला असेल तर ब्रेक मारताना नेमका वाकतो आणि पहिल्या आट्यापाशी तुटतो. असं डिझाइन दिसलं तर रिपोर्टमध्ये सर्वांत वर लिहा. आटे आत किती गेलेत तेही बघा, मी व्यासाच्या दीडपटीपेक्षा कमी चालवून घेत नाही. बोल्ट किमान 8.8 ग्रेडचे हवेत आणि नायलॉक नटाबाहेर दोन पूर्ण आटे दिसायला हवेत. नागदेवी स्ट्रीटला बोल्ट घेताना डोक्यावर ग्रेड आणि बनवणाऱ्याची खूण दोन्ही आहेत का ते बघूनच घ्या. खूण नसलेला बोल्ट विशबोनला लावू नका, बॉडीवर्कला लावा. टॉर्क दिल्यावर प्रत्येक नटावर पेंट मार्करची रेघ ओढा, म्हणजे चालवून आल्यावर काय फिरलं ते एका नजरेत दिसतं.

स्टीअरिंगचा एकूण प्ले स्पर्धेच्या नियमाप्रमाणे 7 अंशांच्या आत हवा. मी मात्र 2-3 अंशांवरच थांबून कारण शोधायला सांगेन. बहुतेकदा तो युनिव्हर्सल जॉइंटमध्ये, क्विक-रिलीजच्या स्प्लाइनमध्ये किंवा रॅकच्या (स्टीअरिंग फिरवल्यावर टाय-रॉड डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या भागाच्या) माउंटिंगमध्ये असतो. पुढची चाकं दोघांनी घट्ट धरा, तिसऱ्याने स्टीअरिंग फिरवा आणि तुम्ही रॅकवर नजर ठेवा. रॅकची बॉडीच सरकताना दिसली तर ब्रॅकेट कमकुवत आहे. मग जमिनीवर 9 मीटर व्यासाचं वर्तुळ आखा आणि गाडी पूर्ण लॉकवर (स्टीअरिंग शेवटपर्यंत फिरवून) आतून ढकलून फिरवा. स्पर्धेतल्या हेअरपिनचा बाहेरचा व्यास कमीत कमी तेवढा असू शकतो. गाडी बसते का, आणि पूर्ण लॉकला रिम विशबोनला घासतो का, दोन्ही एकदमच कळतं.

बंप स्टीअर (चाक वर-खाली झालं की टो आपोआप बदलणं) हा नव्या गाडीत सर्वांत जास्त फसवणारा दोष. डॅम्पर (शॉक ॲब्सॉर्बर) काढा, स्टीअरिंग मध्यावर बांधून टाका आणि चाक जॅकने 5-5 मिलिमीटर वर-खाली करत 25 मिलिमीटरपर्यंत टो मोजा. 10 इंची रिमवर पुढच्या आणि मागच्या कडेत 1 मिमी फरक पडला तर तो जवळजवळ 0.23 अंश होतो. पूर्ण 25 मिमीत एवढा फरक येत असेल तर मी टाय-रॉडच्या टोकाला शिम (पातळ चकती) घालून उंची बदलून बघेन, कारण असा फरक असलेली गाडी ब्रेकिंगला नाक खाली घालते तेव्हा स्वतःच वळू लागते. ड्रायव्हर तिला 'नर्व्हस' म्हणतो आणि टीम मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) मऊ करत बसते. चाकाची एकूण हालचाल ड्रायव्हर बसलेला असताना किमान 50 मिमी हवी, त्यातली किमान 25 मिमी वरच्या दिशेने. डॅम्परच्या शाफ्टवर एक झिप-टाय सैलसर अडकवून ठेवा. फेरी मारून आल्यावर तो कुठवर सरकलाय त्यावरून प्रत्यक्ष किती हालचाल वापरली गेली ते समजतं.

आता वजन. कॉर्नर स्केल (प्रत्येक चाकावरचा भार वेगळा मोजणारे काटे) नसतील तर 150 किलोचे चार साधे डिजिटल वजनकाटे चालतात, कारण अशा गाडीचा एका चाकावरचा भार 70-80 किलोंच्या आसपास असतो. जमीन सपाट असणं काट्यांपेक्षा महत्त्वाचं. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या आणि जिथे खोल असेल तिथे काट्याखाली सनमायकाचे तुकडे सरकवा. ड्रायव्हर हेल्मेट घालून बसलेला हवा, अँटी-रोल बार सुटा, टायरमध्ये ठरलेलं प्रेशर. टायरखाली ग्रीस लावलेले प्लास्टिकचे दोन कागद ठेवा, नाहीतर टायर काट्याला चिकटून बसतो आणि आकडे खोटे येतात. समजा पुढे डावीकडे 66, उजवीकडे 70, मागे डावीकडे 78, उजवीकडे 74 आले. एकूण 288. डावी बाजू 144, म्हणजे बरोबर निम्मी, आणि टीम खूश होते. पण कर्णाची बेरीज करा: पुढची उजवी आणि मागची डावी मिळून 148, म्हणजे 51.4 टक्के. ही गाडी एका बाजूला वळताना वेगळी वागेल आणि दुसऱ्या बाजूला वेगळी. पुशरॉडची (चाकाची हालचाल डॅम्परपर्यंत नेणाऱ्या दांड्याची) लांबी अर्धा-अर्धा फेरा बदलत हा आकडा 50 च्या अर्ध्या टक्क्याच्या आत आणा, मगच बॅलन्सबद्दल मत द्या.

ब्रेकचं पेडल स्पंजी लागलं तर लगेच मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) बदलायला धावू नका. कॅलिपर कसा बसवलाय ते बघा. ब्लीड निपल (अडकलेली हवा बाहेर काढायचं तोंड) सर्वांत वरच्या टोकाला नसेल तर हवा आतच राहते, कितीही ब्लीड करा. अशा वेळी कॅलिपर काढून निपल वर येईल असा धरायचा, पॅडच्या मधे डिस्कच्या जाडीची पट्टी घालायची आणि ब्लीड करायचं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, तेव्हा मुंबईच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली पुन्हा वापरू नका. बॅलन्स बार (पेडलचा जोर पुढच्या आणि मागच्या ब्रेकमध्ये वाटणारा दांडा) पूर्ण दाबल्यावर दोन्ही मास्टर सिलिंडरचे दांडे समांतर राहतात का, आणि एक सर्किट फुटल्यावर तिरका झालेला बार कुठे अडकत तर नाही ना, हेही आताच बघा. पेडल 2000 न्यूटनचा जोर सहन करायला हवं. दोन्ही पायांनी जोर लावून बघा, त्यामागचा बल्कहेड (चॅसीची आडवी चौकट) वाकताना दिसला तर तिथे तिरकी नळी कमी पडते आहे.

कॉकपिटबद्दल थोडक्यात. सर्वांत उंच ड्रायव्हरच्या हेल्मेटपासून मुख्य हूप आणि पुढचा हूप (ड्रायव्हरच्या मागची आणि पुढची संरक्षक कमान) यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत किमान 50 मिमी मोकळी जागा, पूर्ण कपड्यांत 5 सेकंदांत बाहेर पडता येणं, आणि पूर्ण लॉकला बोटांची पेरं कुठे घासतात का. गिअर बदलताना कोपर हलवायला जागा आहे का तेही पाहा. हे बाकीच्यांच्या लक्षात येत नाही, ड्रायव्हरला मात्र 22 किलोमीटरच्या एन्ड्युरन्स शर्यतीत प्रत्येक वळणाला छळतं.

इंजिनकडे जरा जास्त वेळ द्या, कारण इथली चूक महाग पडते. इंजिन चालू असताना 20 मिमी रेस्ट्रिक्टरचं (इंजिनात जाणारी हवा मर्यादित करणाऱ्या अरुंद वाटेचं) तोंड झाकलं की ते बंद पडायला हवं. पडलं नाही तर पुढे कुठेतरी हवा गळते आहे, बहुधा प्लेनमच्या (रेस्ट्रिक्टरनंतरच्या हवेच्या पेटीच्या) जोडात किंवा इंजेक्टरच्या सीलपाशी. यावर तांत्रिक तपासणीत गाडी अडते, शिवाय मिश्रण पातळ होऊन इंजिनही तापतं.

त्याहून गंभीर गोष्ट ऑइलची. मोटरसायकल वळणावर कलते, त्यामुळे ऑइल संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाशीच राहतं. तेच इंजिन गाडीत सरळ उभं असतं. 1.4 जी च्या वळणात (बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 1.4 पट) ऑइलचा पृष्ठभाग सुमारे 54 अंश कलतो, सगळं ऑइल एका भिंतीवर चढतं आणि पिकअप (पंपाची ऑइल ओढणारी नळी) हवा ओढतो. क्षणभर प्रेशर पडतं, बिग-एंड बेअरिंग कोरडं फिरतं, आणि इंजिन त्या दिवशी नाही, पुढच्या कुठल्यातरी दिवशी जातं. संपमध्ये बॅफल (ऑइल अडवणारी आडवी पट्टी) आहे का हे डिझाइनवाल्यांना विचारा. प्रेशर सेन्सर लावा आणि त्याचा लॉग बाजूच्या जी सोबत एकाच आलेखावर बघा. दिवा पुरेसा नाही, वळणात कुणी दिव्याकडे बघत नाही. प्रत्येक लांब वळणात प्रेशर खाली येत असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत स्किडपॅड (वर्तुळात फेऱ्या मारायची चाचणी) बंद.

रेडिएटरची परीक्षा मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये आपोआप होते. कूलंट म्हणून नियमाने साधं पाणीच चालतं, त्यामुळे फरक पडतो तो हवेच्या वाटेने. साइडपॉडमध्ये रेडिएटरच्या कडेला बोटभर फट असेल तर हवा जाळीतून न जाता तिथूनच निसटते. फोमच्या पट्ट्यांनी फटी बंद करा आणि मग तापमान मोजा. मोठा रेडिएटर मागण्याआधी हे करून बघाच.

जागेचा प्रश्न मुंबईत कठीण आहे. बिननोंदणीची गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायचीच नाही, रात्री दोन वाजता सुद्धा नाही. बंद आवार, मालकाची लेखी परवानगी, अग्निशामक हातात घेतलेली दोन माणसं आणि कठड्यांपासून भरपूर अंतर, एवढं असेल तरच. पेव्हर ब्लॉकवर स्लिक (नक्षी नसलेले) टायर काहीच सांगत नाहीत. डांबर असेल तर आधी झाडून घ्या. टायर प्रेशर थंड असताना 10 ते 12 पीएसआयच्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि 0 ते 30 चा गेज घ्या, पेट्रोल पंपावरच्या गेजवर अर्ध्या पीएसआयचा फरक कळत नाही.

पहिल्या फेऱ्यांना दोन्ही विंग काढून ठेवा. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे विंगसकट चालवलं तर हळू आणि जोरात गाडी वेगवेगळी वागते आणि मूळ बॅलन्स हाती लागत नाही. आधी दहा मिनिटं उभ्या उभ्या इंजिन चालवून गळती बघा. मग पहिल्या गिअरमध्ये सरळ जा, थांबा, चाकांचे नट आणि चेनचा ताण तपासा. चेन फिरवून जिथे सर्वांत घट्ट लागते तिथेच ढील मोजायची, कारण स्प्रॉकेट क्वचितच अगदी मध्यावर फिरतो. त्यानंतर ब्रेक: चारही चाकं लॉक व्हायला हवीत, पुढची मागच्यांच्या किंचित आधी.

मग स्किडपॅड. आतलं वर्तुळ 15.25 मीटर व्यासाचं, वाट 3 मीटर रुंद. मध्यावरून एक फेरी साधारण 57.3 मीटरची होते. 5.5 सेकंदांत फेरी म्हणजे सुमारे 1.2 जी, 5 सेकंदांत म्हणजे सुमारे 1.47 जी. दोन्ही दिशांची वेळ वेगळी लिहा. फरक मोठा असेल तर पुन्हा वजनकाट्यांकडे जा. वेग स्थिर असताना पुढचं टोक बाहेर सरकतंय की फक्त वळणात शिरताना, हे ड्रायव्हरला नेमकं विचारा. फक्त शिरताना असेल तर टो, डॅम्पर किंवा ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या ब्रेकमधली जोराची वाटणी) बघा. वळणातून बाहेर पडताना असेल तर डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) बघा. सतत असेल तर अँटी-रोल बार आणि प्रेशर, एका वेळी एकच बदल. मागचा बार मऊवरून पूर्ण कडक केला तरी ड्रायव्हरला काहीच जाणवत नसेल तर चॅसी किंवा बारचं माउंटिंग पिळवटतंय असा माझा पहिला संशय राहील. तेव्हा वर्कशॉपमध्ये टॉर्शन चाचणी घ्या: डॅम्परच्या जागी घन दांडे, मागचे हब जखडलेले, पुढे 1 मीटर भुजेवर 40 किलो. हा पीळ सुमारे 392 न्यूटन-मीटरचा. डायल गेजवर चॅसी 0.3 अंश फिरली तर कडकपणा अंशाला सुमारे 1300 न्यूटन-मीटर.

रिपोर्टमध्ये प्रत्येक निरीक्षणापुढे तीन गोष्टी द्या: कुठल्या सेटअपवर, जमीन कशी होती, आणि हातांनी किंवा मोजून काय सापडलं. ड्रायव्हरचे शब्द त्याच्याच भाषेत, गाडीतून उतरल्या उतरल्या लिहून घ्या, चर्चा सुरू होण्याआधी. स्पर्धेसाठी गाडी ट्रकमधून कोइंबतूरजवळच्या करी ट्रॅकवर नेणार असाल तर हजार किलोमीटरहून जास्त हादरे खाऊन ती उतरेल. तिथे पोचल्यावर पेंट मार्करच्या सगळ्या रेघा आणि कॉर्नर वजनं पुन्हा तपासायची, हेही रिपोर्टमध्येच लिहून ठेवा.