आम्हाला दोघांनाही नाचता येत नाही. ब्लॅकपूलची बॉलरूम स्पर्धा नुसती बघायला जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की मे अखेरीस रेडिंगहून ब्लॅकपूल डान्स फेस्टिव्हलला जायचा विचार आहे, पण नवरा-बायको दोघांनाही नाचाचा गंध नाही. मग कंटाळा येईल का, तिकीट कुठल्या दिवसाचं काढावं, कुठे बसावं, काय घालावं, असं तुमचं विचारणं आहे. बाकीचं नंतर सांगतो. आधी 'अर्थ आहे का' याचं उत्तर देतो, कारण हाच प्रश्न मला माझ्याच माणसाने चारचौघांत विचारला होता, आणि फार वाईट पद्धतीने.

अर्थ आहे. बिनधास्त जा.

मी प्रेस्टनला राहतो. तिथून ब्लॅकपूल नॉर्थ ट्रेनने अर्ध्या तासावर, आणि स्टेशनपासून विंटर गार्डन्स, म्हणजे फेस्टिव्हल भरतो ती इमारत, चालत दहा मिनिटं. दरवर्षी मी रजा टाकतो आणि बायकोला घेऊन स्पर्धा बघायला जातो. मला वॉल्ट्झचं एक पाऊल टाकता येत नाही आणि शिकायचंही नाही. मी बघणारा आहे. बघणं हे नाचण्यापेक्षा हलकं काम आहे असं मला कुणी सांगू नये.

पण सांगितलं गेलं. माझा एक मावसभाऊ आहे, वयाने मोठा, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. इथल्याच एका मराठी कुटुंबाकडे दिवाळीच्या फराळाला बरीच माणसं जमली होती. कुणीतरी सहज विचारलं, मे महिन्यात कसली रजा घेतोस रे? मी सांगितलं. त्यावर दादा चिवड्याची बशी हातात धरून म्हणाला, "स्वतःला नाचता येत नाही आणि नाच बघायला पैसे मोजतो. म्हणजे काय बघायला जातो ते कळतं आम्हाला." सगळे हसले. माझी बायको शेजारीच बसली होती. दुसऱ्याच्या घरी, सणाच्या दिवशी तोंडाला तोंड द्यायचं नाही, म्हणून मी गप्प राहिलो. पण तो शब्द अजून सलतो.

मी कोल्हापूरचा. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते, जन्मात कधी लंगोट लावून मातीत उतरले नाहीत. पण खासबागेत कुस्तीचं मैदान भरलं की ड्यूटी बदलून घ्यायचे आणि मला घेऊन जायचे. शाहू महाराजांनी ते मैदान असं बांधून घेतलंय की कुठेही बसा, हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, नीट दिसतो. पहिलवान पटात घुसायच्या आधीच अण्णा जागेवरून अर्धे उठलेले असायचे. त्याचा खांदा किती खाली गेलाय, पुढच्या पायावर वजन आलंय का, यावरून त्यांना कळायचं. हूल कुठली आणि खरा डाव कुठला, हे ते शेजारच्याला आधी सांगायचे. त्यांना कुणी विचारलं नाही की कंडक्टरसाहेब, तुम्ही स्वतः किती कुस्त्या मारल्या? उलट आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे वळून विचारायची, "अण्णा, आता काय?" नाचाच्या बाबतीतच हा प्रश्न निघतो, कारण बाईची पाठ उघडी दिसली की आपल्याकडच्या पुष्कळांची नजर तिथेच अडकते, आणि मग त्यांना वाटतं सगळ्यांचीच अडकत असेल.

पुढे एकदा मे महिन्यात दादा आणि वहिनी आमच्याकडे राहायला आले, तेव्हा मी मुद्दाम चौघांची तिकिटं काढली. त्या दिवशी हौशी गटाची बॉलरूम स्पर्धा होती. म्हणजे वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट, क्विकस्टेप, व्हिएनीज वॉल्ट्झ. या गटाला शेकडो जोड्या येतात, चीन-जपानपासून इटलीपर्यंतच्या. सुरुवातीच्या फेऱ्यांत त्यांचे घोळके करून एका वेळी वीसेक जोड्या फ्लोअरवर सोडतात. सगळ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं, ओळखायची खूण म्हणजे पुरुषाच्या पाठीवर सेफ्टी पिनांनी लावलेला नंबर. दीड-दोन मिनिटं नाच, की पुढचा घोळका. पंच फ्लोअरच्या कडेने वही घेऊन उभे. प्रेक्षक आपल्या आवडत्या जोडीचा नंबर बोंबलून सांगतात. हो, अक्षरशः बोंबलून. झुंबरं, अर्धगोल सोनेरी छत, मंचावर खराखुरा ऑर्केस्ट्रा, आणि त्यात हा आरडाओरडा. नवीन माणसाला वाटतं, हे काय चाललंय. पण हीच इथली रीत आहे.

बसल्या बसल्या मी दोघांना एक युक्ती दाखवली. मला ती रॉचडेलच्या एका आजींनी शिकवली होती. त्या तरुणपणी स्वतः नाचलेल्या, पण मला नाचता येतं का हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, कार्यक्रमपत्रिका डोळ्यांसमोर आडवी धर, इतकी खाली की जोड्यांच्या गुडघ्यांच्या वरचं काही दिसू नये. फॉक्सट्रॉटचा एक अख्खा घोळका नुसते बूट बघ. चेहरे नंतर.

करून बघा. पिसं, खडे, हसू, पाठ, सगळं नाहीसं होतं आणि फक्त चाल उरते. वॉल्ट्झमध्ये तिसऱ्या मात्रेला पाय जवळ आणायला मिळतो, तिथे सावरून घेता येतं. फॉक्सट्रॉटमध्ये पाय एकमेकांना ओलांडून जातच राहतात, त्यामुळे लपायला जागा नसते. पुढे जाणाऱ्याची टाच आधी टेकते की पाऊल सपाट आपटतं, हे दोन मिनिटांत ओळखू येतं. एक वळण असं असतं की पुरुष बाईच्या बाहेरून फिरून जातो आणि ती मागे पाऊल टाकून दोन्ही पाय जुळवते, टाचांवर वळते. तिथे नीट बघा. पुरुषाने तिला ओढलं तर ती किंचित मागे कलते आणि तोल सावरायला एक चोरटं पाऊल टाकते. ओढलं नसेल तर झग्याचा घेर एका लयीत फिरतो आणि शरीर थांबल्यावर मग थांबतो.

दादाने पत्रिका अर्धा मिनिट धरली आणि फोन काढला. वहिनींनी मात्र घोळका संपेपर्यंत हात खाली घेतला नाही. वहिनी शिवणकाम करतात, त्यांची नजर घेरावरच गेली. म्हणाल्या, "भावजी, त्या मोतिया झग्याला झटका बसतोय बघा, दर वळणाला." बरोबर होतं.

मग क्विकस्टेप लागला. मिनिटाला 50 बारांचा वेग (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन), त्यात वीसेक जोड्या. आमच्या बाजूच्या कोपऱ्यात दोन जोड्या एकमेकींत शिरल्या आणि तिसरी मागून सुसाट येत होती. धडकणार असं वाटलं. त्या पुरुषाने जोडीदारणीला तिथल्या तिथे धरलं, एका पायावर, खांदे जराही न हलवता. अर्धा बार तसाच उभा. समोरचे सुटले, तेवढ्यात जी फट पडली त्यातून तिला घेऊन निघाला, आणि ताल कुठेही चुकला नाही. त्या बाईचा चेहरा आधी होता तसाच शांत. हे कुठल्याही तालमीत बसवलेलं नव्हतं, बसवता येतच नाही. याला तिथली मंडळी फ्लोअरक्राफ्ट म्हणतात. मी जागेवरून अर्धा उठलो होतो. दादा म्हणाला, "अडकले बिचारे. नापास." वहिनी त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, तेच तर सगळ्यात भारी होते."

थोड्या वेळाने पुढच्या फेरीचे नंबर पुकारले. ती जोडी होती. मोतिया झगा नव्हता. वहिनींनी पेन्सिलीने खुणा केलेल्यांपैकी बहुतेक सगळे होते. दादाला निळ्या पिसांची, सतत दात दाखवणारी एक जोडी आवडली होती, ती बाद झाली. त्यावर दादाचं मत, "यात पार्शलिटी असते."

आता या पार्शलिटीबद्दल. टीव्हीवरच्या स्पर्धेत दहापैकी आकडे वर धरतात, तसं इथे काही नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांत पंच गुण देतच नाहीत. पुढच्या फेरीत कोण हवं, एवढीच फुली मारतात. ज्यांना जास्त फुल्या, ते पुढे. चोवीस, बारा, मग सहा. अंतिम फेरीत मात्र प्रत्येक नाचाला प्रत्येक पंच सहा जोड्यांना क्रम लावतो आणि बहुमताने निकाल ठरतो. समजा 11 पंच आहेत. सहांनी एखाद्या जोडीला पहिलं लावलं आणि उरलेल्या पाचांनी तिला शेवटचं लावलं, तरी त्या नाचात ती पहिली. दुसऱ्या जोडीला पाच पहिले आणि सहा दुसरे क्रमांक असले, तरी ती मागे. याला स्केटिंग पद्धत म्हणतात. सरासरी काढत नाहीत, त्यामुळे एका-दोघांनी मुद्दाम कुणाला खाली ओढलं तरी सहसा फरक पडत नाही. तरी पंच हेच पुष्कळदा स्पर्धकांच्या शिकवण्या घेतात, हे खरं आहे, आणि त्यावर या क्षेत्रातच कायम बोललं जातं. म्हणजे शंका घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण फोनमध्ये मान घालून बसलेल्या माणसाने घेऊ नये.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे येतो. टॉवर आणि विंटर गार्डन्स यांत गफलत करू नका. बीबीसीच्या नाचाच्या कार्यक्रमात दिसतो तो टॉवर बॉलरूम, म्हणजे समुद्रावरच्या ब्लॅकपूल टॉवरमधला नाचाचा हॉल. फेस्टिव्हल होतो विंटर गार्डन्सच्या एम्प्रेस बॉलरूममध्ये. हा हॉल 1896 चा, आणि फेस्टिव्हल तिथे 1920 पासून आहे. शंभरावं वर्ष नेमकं कोविडमध्ये गेलं, याची हळहळ अजून ऐकू येते.

फक्त फायनल बघायला येऊ नका. फायनलला सहाच जोड्या, सगळ्या अव्वल, त्यांच्यातला फरक नवख्याला कळत नाही, मग माणूस कपडे बघत बसतो. दुपारपासूनच्या पहिल्या फेऱ्या बघा. चांगलं आणि बरं एकाच वेळी, शेजारी शेजारी दिसतं, तिथेच डोळा तयार होतो. रायझिंग स्टार, म्हणजे अजून अव्वल न झालेल्या जोड्यांचा गट असेल तो दिवसही छान. बॉलरूमसाठी बाल्कनीत बसा, फ्लोअरवरची वाहतूक वरूनच कळते. चा-चा-चा, सांबा, रुंबा, पासो डोब्ले, जाइव्ह या लॅटिन नाचांना मात्र खाली, जवळ. रुंबा लांबून बघण्यात काही मजा नाही.

कपडे म्हणाल तर दुपारी साधे चालतात, संध्याकाळी लोक नटून येतात, सूट-टाय घाला. माझी बायको इरकल नेसते आणि तिथल्या बायका येऊन काठाला हात लावून बघतात. तुमच्या मिसेसना गाऊनच हवा असं काही नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. फायनल रात्री फार उशिरा होते, परतीची शेवटची ट्रेन मिळेल या भरवशावर राहू नका, तिथेच खोली घ्या, आणि मे अखेरीस शाळांना सुट्टी असते म्हणून लवकर घ्या. बाल्कनीतली कडेची जागा उशिरा गेलात तर मिळणार नाही. व्हिडिओ आणि फ्लॅशचे नियम तिकीट काढताना वाचा. दिवस लांब असतो, नऊ-दहा तास बसणं सगळ्यांना झेपत नाही, मध्ये समुद्रावर चक्कर मारून या. मुलं बरोबर असतील तर मेऐवजी ईस्टरच्या सुमाराला लहान मुलांचा फेस्टिव्हल इथेच भरतो, तो बघा. आणि पहिल्या तासात काहीच कळलं नाही तर उठून जाऊ नका. वहिनींनाही पहिल्या तासात काही कळलं नव्हतं, त्या कंटाळल्या होत्या. त्या टिकल्या, एवढंच.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, की मित्रमंडळी विचारतील 'तुम्ही कशाला जाता?' म्हणून संकोच वाटतो. संकोच करू नका आणि समजावतही बसू नका. मी फार वर्षं समजावलं, काही उपयोग झाला नाही. विचारणाऱ्याला बरोबर घेऊन जा. बारा जोड्या उरल्या की त्याच्या हातात पेन्सिल द्या आणि त्यातल्या कुठल्या सहा पुढे जातील ते पुकारा व्हायच्या आधी लिहायला सांगा. तुम्हीही लिहा. दादाला मी हे दोनदा सांगितलंय, दोन्ही वेळा त्याने कागद वहिनींकडे सरकवला.