टर्बो गाडीच्या सिलिंडर हेडचं पोर्टिंग घरी करता येतं का?

तुमची जुनी १.८ टर्बोची ऑक्टाव्हिया आरएस आहे, गॅस्केट गेल्यामुळे हेड उतरलेलंच आहे, तर हातासरशी पोर्टिंगही (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटा, म्हणजे पोर्ट, घासून मोकळे करणं) उरकून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. करता येतं. मी माझ्या गाडीचं घरीच केलंय. पण टर्बो मूळचा, रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) केलेला नाही, एक्झॉस्ट आणि इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) कंपनीचेच असतील, तर आधी खर्च तिकडे करा. छोट्या टर्बोवर पोर्टिंगचा फरक वरच्या आरपीएमला थोडासा जाणवतो, बस.

बूस्ट गेज इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे हेडला हवा पोचवणाऱ्या नळ्यांमधला दाब दाखवतं, सिलिंडरमध्ये किती हवा गेली ते नाही. पोर्ट मोकळा झाला की तितकीच हवा कमी दाबात आत जाते. टर्बोवरचा ताण कमी, हवा कमी तापते, नॉकिंगचा (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याचा) धोकाही घटतो. त्यामुळे काम नीट झाल्यावर गेजचा काटा आधीपेक्षा खाली दिसला तर घाबरू नका.

आता कुठे घासायचं? या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, तीन इनटेकचे (हवा आत घेणारे) नि दोन एक्झॉस्टचे (धूर बाहेर सोडणारे). इनटेकला जागा चिंचोळी आणि मधल्या व्हॉल्व्हचा कोन वेगळा. पोर्टचं तोंड मोठं करण्यात सगळे वेळ घालवतात, पण खरी अडचण सीटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कड्याच्या, लगेच खाली असते. बोट आत घालून फिरवा. लोखंडी सीट संपून ॲल्युमिनियम सुरू होतं तिथे नखाला कड लागेल. ती कड उतरवायची, गाइडभोवतीचा (व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीभोवतीचा) फुगवटा थोडा निमुळता करायचा आणि आतल्या बाजूच्या आखूड वळणाची धार गोल करायची. पोर्टचा तळ खोदायचा नाही, पलीकडे इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे. भोक पडलं तर वेल्डिंग करून घेईपर्यंत हेड बाद.

ॲल्युमिनियमसाठी मोठ्या दातांचा कार्बाइड बर (ग्राइंडरला लावायचं घासायचं टोक) घ्या. बारीक दातांचा पाच मिनिटांत भरतो. मध्येमध्ये रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० मारत राहा. घासताना गाइडमध्ये जुने, टाकाऊ व्हॉल्व्ह घालून ठेवा, म्हणजे बर घसरला तरी सीटवर ओरखडा येत नाही. चारही सिलिंडरचं एकेक टप्प्याने करत चला. पहिलाच पोर्ट पूर्ण करून मग बाकीचे त्याच्यासारखे करायला गेलात, की ते कधीच जुळत नाहीत.

इनटेकला आरशासारखी चकाकी नको. ८० नंबरच्या पेपरचा खरबरीतपणा पुरे, पेट्रोल भिंतीला चिकटून वाहत नाही. एक्झॉस्ट मात्र गुळगुळीत करा, कार्बन कमी धरतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या पोर्टपेक्षा किंचित मोठं राहिलं तर चालतं, उलट झालं तर गॅस त्या पायरीवर आपटतो.

टर्बोवाल्यांनी सर्वात जास्त जपायची गोष्ट म्हणजे चुरा. लाखाच्या वर आरपीएमने फिरणाऱ्या टर्बाइनला ॲल्युमिनियमचा एक कण पुरतो. हायड्रॉलिक टॅपेटच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या, ऑइलवर चालणाऱ्या डब्यांच्या) भोकांना आणि ऑइलच्या वाटांना सुरुवातीलाच टेप लावा. शेवटी साबणाच्या गरम पाण्याने ब्रश घालून धुवा आणि प्रत्येक वाटेतून हवा मारा.

यापुढचं लेथवाल्याचं काम: फेसिंग (हेडचा खालचा पृष्ठभाग घासून सपाट करणं), सीटला कट, गाइड तपासणं. फेसिंग फार घेऊ देऊ नका, त्याने कॉम्प्रेशन वाढतं आणि या इंजिनाचं ते मुळातच ९.५:१ आहे. परत आल्यावर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने बसवा, प्लग लावा, हेड उलटं करून चेंबरमध्ये रॉकेल भरा नि तासाभराने पोर्टमध्ये बोट घालून बघा. ओलं लागलं तर पुन्हा पेस्ट.

जोडताना व्हॉल्व्ह सील, गॅस्केट आणि हेड बोल्ट नवेच. ते बोल्ट ताणले जाणारे असतात, पुन्हा वापरायचे नाहीत. टायमिंग बेल्टही हात लागलाच आहे तर बदलून टाका; तो तुटला तर या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात.