नाकारपत्र हातात कधी पडले?

गोव्याच्या काणकोण तालुक्यातल्या, वेळीप जमातीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे; सांगे, केपे, धारबांदोड्याहूनही अशीच पत्रे येतात. वन हक्काचा दावा उपविभागीय समितीने फेटाळायची शिफारस केली, कारण ‘उपग्रह छायाचित्रात लागवड दिसत नाही’. शेजारी ‘अतिक्रमणवाले’ म्हणून हिणवतो, यंदा काजूबियाही वेचून नेल्या. त्याच्यावर ॲट्रॉसिटी घालू का, असे विचारले आहे.

तीन पानी पत्रात एकच गोष्ट नाही: नाकारपत्र कोणत्या तारखेला मिळाले. ‘मध्यंतरी आले, कपाटात आहे’ याला तारीख म्हणत नाहीत. वन हक्क कायद्याच्या २०१२ साली सुधारलेल्या नियमांतल्या १२अ प्रमाणे अशी शिफारस दावेदाराला व्यक्तिशः कळवावी लागते. तिथून ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करायचा. समितीने मनावर घेतले तर आणखी ३० दिवस मिळतात. पत्र नुसते पंचायतीच्या फलकावर लावले असेल किंवा कुणी तोंडी सांगितले असेल, तर मुदत सुरूच झाली नाही असे मांडता येईल. समिती ते मानेलच असे नाही. सही करून घेतले असेल तर आजच दिवस मोजा. ९० उलटले असतील तर पर्वरीला उच्च न्यायालयात रिट याचिका उरते, आणि तिथे किती वर्षे जातील याचा अंदाज मी देत नाही.

मुदत शिल्लक असेल तर बाजू पडकी नाही. उपग्रह छायाचित्र इतर पुराव्याला पूरक असते, त्याची जागा घेऊ शकत नाही, असे याच नियमात लिहिले आहे. वरून पाहिले तर काजूची बाग आणि रान सारखेच हिरवे, मग दिसणार काय? एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर नाव नाही म्हणून खचू नका; अमुकच कागद हवा असा हट्ट समितीला धरता येत नाही. गडगा, बांध, घरपट्टी, जुने रेशनकार्ड, वनखात्याने कधी केलेल्या दंडाची पावतीसुद्धा (ती फाडून टाकली नसेल तर) जोडा. एकाहून जास्त प्रकारचे पुरावे हवेत, आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दिसला पाहिजे. दाखला मात्र अनुसूचित जमातीचाच लावा. वेळीप २००३ साली त्या यादीत आले. त्याआधीचा ओबीसी दाखला लावलात तर तुम्हाला ‘इतर वननिवासी’ धरून तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागतील.

पडताळणी पुरी होईपर्यंत ताब्यातून काढता येत नाही, वन हक्क कायदा, कलम ४(५).

शेजाऱ्याचे म्हणाल, तर तो अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तरच ॲट्रॉसिटी लागते. वन हक्काच्या उपभोगात अडथळा आणणे, पीक नेणे हा त्या कायद्यात गुन्हा आहे. पण तुमचा हक्क अजून मान्य व्हायचा आहे आणि त्याचा वकील पहिले बोट तिथेच ठेवील. शिवाय वृद्धांचा लेखी जबाब हा नियमाने मान्य पुरावा आहे, तो दावेदाराचा स्वतःचा नसावा एवढेच. तुमची बाग सर्वांत जास्त वर्षे कुणी पाहिली असेल, तर शेजाऱ्याच्याच घरातल्या म्हाताऱ्यांनी. पोलिसांत जाण्याआधी एकदा त्यांच्याकडे जा. नकार मिळाला तर वाड्यावरची दुसरी माणसे आहेत.

अर्ज आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. मागच्या दाव्याची पोच जवळ नाही, हे तुम्हीच लिहिले आहे.