संपादनाला बसण्याआधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी खानापूरच्या बसमध्ये होतो, धड बोलता आलं नाही. ताणतणावाचा प्रतिबंध आणि मनःस्वास्थ्य या विषयावरच्या जर्नलचं संपादन तुझ्याकडे आलं, हे ऐकून फार बरं वाटलं. आज निवांत आहे म्हणून लिहितोय.

आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, वेबसाइट, संपादक मंडळावर कोणाची नावं, यांचाच घोर तू लावून घेतलायस. ती चार दिवसांची कामं. आयएसएसएनसाठी दिल्लीच्या केंद्राकडे अर्ज करायचा, त्याला पैसे लागत नाहीत. मधला कोणी पैसे मागितले तर त्याला दारातूनच परत पाठव. यूजीसी-केअर, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीत नाव यावं, हेही मनातून काढ. ती यादी बंद केल्याचं यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं.

खरं काम पेपर हातात आल्यावर सुरू होतं. बरेचसे एकाच साच्यातले येतील. फेब्रुवारीत कॉलेजच्या पोरांकडून प्रश्नावली भरून घेतली, सहा आठवडे प्राणायाम घेतला, एप्रिलमध्ये पुन्हा प्रश्नावली, ताण उतरला. मधे परीक्षा संपली, हे कुठेच लिहिलेलं नसतं! तुलनेला दुसरा गट आहे का, हे पहिलं बघ. ताण शिगेला पोचतो तेव्हाच माणूस शिबिराची वाट धरतो, आणि चढलेलं पाणी पुष्कळदा आपलं आपणच ओसरतं. ज्या उपक्रमाचा काही उपयोग झाला नाही असा पेपर कोणी प्रामाणिकपणे पाठवला, तर त्याला मानाने जागा दे. नाहीतर तोच उपक्रम उद्या चिक्कोडीत, परवा अथणीत, पुन्हा पुन्हा होत राहील.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेली ताणाची प्रश्नावली तुला ठाऊक आहे. तिच्या दहा प्रश्नांच्या रूपात प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ४०. त्यातले चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे प्रश्न चांगल्या बाजूने विचारलेले, म्हणून त्यांचे गुण उलटे धरायचे. मी संपादक असताना एक पेपर आला, तो तपासणाऱ्या दोन्ही परीक्षकांनी छान म्हटलं, मीही सही केली. अंक निघाल्यावर एका वाचकाचं पत्र आलं: सगळ्याच गटांची सरासरी विसाच्या आसपास कशी? लेखकाकडून प्रत्येकाच्या उत्तरांचा मूळ तक्ता मागवला. चारही प्रश्न सुलटेच मोजलेले. तसं मोजलं की ताणाने पिचलेला माणूस फार तर २४ वर जातो आणि अगदी निश्चिंत माणूसही १६ वर राहतो. दोघांत फरक दिसणार कसा? पेपर मागे घेतला आणि तो का घेतला ते पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापलं. लेखक दुखावला. पण त्या दिवसापासून मूळ तक्ता पाहिल्याशिवाय एकही पेपर मी परीक्षकांकडे पाठवला नाही. तूही पाठवू नकोस.

आता आपल्या सीमाभागाचं. एकाच वर्गात कोणी प्रश्नावली मराठीत भरतं, कोणी कन्नडमध्ये. मराठीत ‘ताण’ लिहिलं, कन्नडमध्ये ‘ओत्तड’, की काम झालं असं लेखक धरून चालतात. अगं, आपल्याकडची बाई ‘मला ताण आहे’ असं कधी म्हणते? ती म्हणते, जीव वर-खाली होतोय, डोकं उठलंय, अन्न गोड लागत नाही. भाषांतर कोणी केलं, दुसऱ्या कोणी ते उलटं मूळ भाषेत आणून ताडून पाहिलं का, भरणाऱ्यांना समोर बसवून ‘यातून तुम्हाला काय समजलं’ असं विचारलं का, हे पेपरात असलंच पाहिजे. दोन्ही रूपं एकच गोष्ट मोजतात हे सिद्ध होत नाही, तोवर मराठी आणि कन्नड गटांची तुलना छापू नकोस. इथे असा आकडा पेपरात राहत नाही, दुसऱ्या दिवशी चौकात भांडणाला वापरला जातो.

आणि आपली गावं लहान. माझ्याकडे एकदा निपाणीकडच्या एका विडी कामगार बाईंची कहाणी आली होती. नाव बदललेलं, पण वय, मुलांची संख्या, नवऱ्याचं आजारपण, घर कुठल्या देवळामागे, सगळं होतं. त्यांच्या गल्लीतल्या कोणीही दोन ओळींत ओळखलं असतं. बाईंची संमती होती, अंगठा होता. कशाला संमती दिली ते त्यांना वाचून दाखवलं होतं का, असं विचारल्यावर लेखक गप्प झाले. लेख चांगला होता, तरी ते तपशील काढेपर्यंत मी थांबवला. त्याच लेखाने मला दुसरंही शिकवलं. हजार विड्यांमागे मजुरी, त्यात नापास ठरलेल्या विड्या कापून घेतलेल्या, आणि उपाय म्हणून शिफारस कसली, तर ध्यानधारणेची. मजुरी, कामाचे तास, विड्या तपासण्याची पद्धत, यांबद्दल एक ओळ नाही. प्रतिबंध म्हणजे ताण जिथे तयार होतो तिथे काही बदलणं. अशा लेखकाला न चुकता विचार: मालकाच्या बाजूने काय बदलता येईल?

पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली वापरलेली असेल तर तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा असतो. ज्यांनी तिथे खूण केली त्यांच्याशी त्याच दिवशी कोणी बोललं का, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तरी दिला का? उत्तर नसेल तर आकडेवारी कितीही देखणी असो, पेपर परत.

परत करताना मात्र लवकर कर आणि कारण लिही. सहा-सहा महिने वाट पाहून एका ओळीचा नकार वाचणारा नवखा प्राध्यापकही माणूसच आहे.

गणपतीला येशीलच. येताना आलेले पेपर घेऊन ये, दोघं मिळून पहिला वाचू. प्रश्नावलीची मराठी आणि कन्नड दोन्ही रूपं मी कपाटातून काढून ठेवतो.

तुझा,
सर