जुन्या काळाला आजच्या मापानं मोजावं का?

तुम्ही विचारलंय की हिंदू धर्मग्रंथांत आणि संतांच्या लिखाणात जातीबद्दल जे आहे, त्याचा निवाडा आजच्या मूल्यांनी करणं बरोबर आहे का. माणसं त्यांच्या काळासारखीच वागणार, मग त्यांना दोष का द्यायचा, असा तुमचा रोख दिसतो. आणि दोष द्यायचाच तर पोथ्या टाकून द्यायच्या का, हेही शेवटी विचारलंय.

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला, माळकरी घरातला. हा विषय आमच्याकडे सप्ताहात कुणीतरी काढतंच आणि बहुतेक वेळा 'तो काळच तसा होता' म्हणून मिटवला जातो. मला हे वाक्य पटत नाही. 'तो काळ' म्हणताना आपण पोथी लिहिणाऱ्याचं आणि गावचा न्याय करणाऱ्याचं मत धरतो. वेशीबाहेर राहणारा माणूसही त्याच काळात जगत होता. त्याला विचारा, उत्तर वेगळं येतं. आणि ते उत्तर आपल्या परंपरेतच लिहून ठेवलेलं आहे.

चोखोबांचं घर घ्या. चौदावं शतक, मंगळवेढं. एका अभंगात चोखोबा आपल्या जन्माचं कारण देतात: मागच्या जन्मी कृष्णनिंदा घडली म्हणून महाराचा जन्म मिळाला, हा विटाळ म्हणजे 'आम्हां पूर्वीचें हें फळ'. कर्माची शिकवण इतकी अंगात मुरलेली, की सारा दोष त्यांनी स्वतःवरच घेतला. वाचताना आजही पोटात तुटतं. सोयराबाई, त्यांची बायको, तसं मानत नाही. देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळं कोण राहिलं, असा तिचा सरळ सवाल आहे. आणि लेक कर्ममेळा तर पांडुरंगालाच जाब विचारतो, 'जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता'. एकाच घरात, एकाच देवापुढं, बापानं मान तुकवली आणि लेकानं देवाची लाज काढली. कर्ममेळ्यानं कुठलं संविधान वाचलं नव्हतं. उष्टं खाताना काय वाटतं ते त्याला ठाऊक होतं, तेवढं पुरेसं होतं. त्याच्याच शब्दांनी मी त्या व्यवस्थेला वाईट म्हटलं, तर ते माप आजचं कसं?

आमच्या भागात दुसरी साक्ष शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांची आहे. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला (आजचं बसवकल्याण) हरळय्या या समगाराच्या, म्हणजे चांभाराच्या मुलाचं मधुवरस या ब्राह्मणाच्या मुलीशी लग्न लागलं आणि बिज्जळ राजानं दोन्ही बापांना हाल हाल करून मारलं, असं परंपरा सांगते. त्यानंतर शरण पांगले, बरेच कारवारकडच्या जंगलातल्या उळवीच्या वाटेला लागले. त्यांच्यातले डोहर कक्कय्या कातडी कमावणाऱ्या समाजातले. त्यांची समाधी आमच्याच तालुक्यात कक्केरीला आहे आणि ढोर समाज त्यांना आजही मानतो. त्या काळी सगळ्यांनाच जात मान्य असती, तर राजाला शिक्षा करायला ते लग्नच झालं नसतं.

लिहिलं गेलं नाही ते तर कितीतरी असेल. शेजारच्या गावातल्या एका आजोबांनी मला सांगितलं होतं, की त्यांच्या लहानपणी काल्याच्या दिवशी सगळ्या पंगती उठल्यावर त्यांच्या गल्लीला देवळामागं वाढायचे, तेही घरनं नेलेल्या ताटात. "पखवाजाच्या वाद्या मात्र आम्हीच कापून द्यायचो," ते म्हणाले. तेव्हा राग यायचा का, असं मी विचारलं. "यायचा की. पण सांगायचा कुणाला?" गावातलं कुणीही शपथेवर सांगेल की त्या वेळी कुणाची तक्रार नव्हती. तक्रार ऐकायला कुणी गेलंच नव्हतं.

आता माणसांचा निवाडा. इथं मी हात आखडता घेतो. सोळाव्या शतकातल्या पैठणच्या ब्राह्मण घरात जन्मलेल्या एकनाथांनी महाराच्या तोंडून 'जोहार' ही भारुडं लिहिली आणि तापल्या वाळवंटातलं महाराचं पोर उचलून कडेवर घेतलं, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. वर्णव्यवस्था मोडा असं ते म्हणाले नाहीत, म्हणून त्यांना पिंजऱ्यात उभं करावं असं मला वाटत नाही. ते जिथं उभे होते तिथून किती पावलं पुढं आले, हे मी बघतो. पण हीच सवलत मनुस्मृतीतल्या नियमांना देता येत नाही. गुन्हा तोच, पण वर्ण बघून शिक्षा वेगळी, हे कुणा एकाच्या मर्यादित समजुतीचं प्रकरण नाही. ते माणसांवर चालवण्यासाठी लिहिलेलं शासन आहे. 1927 साली महाडला ती पोथी जाळली, ती याचसाठी.

शिवाय 'तो काळ' वाटतो तितका लांबही नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा देवीला मुली सोडायची, देवदासी करायची चाल बंद करायला कर्नाटकाला 1982 साली कायदा करावा लागला. सोडलेल्या बहुतेक मुली दलित घरांतल्या. तिथंही 'परंपरा आहे' हेच सांगितलं जायचं.

पोथ्या टाकून द्यायच्या का? नाही. मी माळ काढलेली नाही आणि काढणारही नाही. आमच्या भजनात चोखोबांचं 'ऊस डोंगा परी' हमखास होतं, कर्ममेळ्याचा अभंग मात्र कुणी घेत नाही. मी मंडळात आग्रह धरलाय की बापाचा आणि लेकाचा अभंग पाठोपाठ म्हणायचा. काहींना ते खटकतं, देवाला असं बोलू नये म्हणतात. पण तो अभंग सकलसंतगाथेतच आहे, वारकऱ्यांनीच तो जपलाय. गाथा तुमच्या घरी असेल तर चोखोबांचे अभंग आधी काढा, मग सोयराबाईंचे, मग कर्ममेळ्याचे, आणि सलग वाचा.