जुन्या फ्लॅटमधला आरसीसीबी सारखा ट्रिप होतो, काढून टाकला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला जुन्या सोसायटीत फ्लॅट घेतलाय, नवीन डीबी (घरातल्या सगळ्या सर्किटचा मुख्य डबा) बसवताना आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) टाकला, आणि पावसाळा लागल्यापासून तो अधूनमधून ट्रिप होतोय, अगदी सगळे एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारे, एकेका सर्किटचे स्विच) खाली केलेले, म्हणजे बंद असतानाही. इलेक्ट्रिशियन म्हणतोय, जुन्या घरात हे टिकत नाही, काढून टाकू.

काढू नका. मी पुण्यात बरीच वर्षं घरगुती वायरिंगची कामं करतोय आणि हा सल्ला ऐकला की मला राग येतो. एमसीबी आहेत ना, मग हा कशाला, असं लोक विचारतात. १६ अँपिअरचा एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. अंगातून तीस-चाळीस मिलिअँपिअर करंट थोडा वेळ जरी गेला तरी जिवावर बेतू शकतं, आणि एवढासा करंट एमसीबीच्या गावीही नसतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ताडून बघतो, आणि फरक ३० मिलिअँपिअरवर जाण्याआधीच सप्लाय तोडतो. तुमच्याकडे तो ट्रिप होतोय म्हणजे करंट कुठेतरी भलत्या वाटेने चाललाय.

एमसीबी खाली असताना ट्रिप होतो, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आपल्याकडे बहुतेक घरांत सिंगल पोल एमसीबी असतात. ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल लिंकवर, म्हणजे डीबीतल्या सगळे न्यूट्रल एकत्र येतात त्या पट्टीवर, जोडलेलाच राहतो. तेव्हा माझा पहिला संशय असा की न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागलाय. इमारतीतला लोड वाढला की न्यूट्रलवर एखाद-दोन व्होल्ट येतात, तेवढ्यावरही करंट अर्थमध्ये उतरतो. म्हणून कधी पडतो, कधी नाही.

सदाशिव पेठेत एका घरी हीच तक्रार होती. आरसीसीबी बदलूनही झाला होता. बाथरूमच्या पाठच्या भिंतीवरचा बोर्ड उघडला. वरून नवाकोरा मॉड्युलर, मागे तोच जुना लोखंडी डबा, ओलीने गंजलेला. न्यूट्रलच्या जॉइंटवरची टेप सुटून चिकट झाली होती आणि तांब्याचा उघडा पीळ डब्याच्या कडेला टेकला होता. डब्याला अर्थ जोडलेला होता. झालं.

हे शोधायला टेस्टर कामाचा नाही, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लागतो. मेन बंद करायचा, एलईडी, पंख्यांचे रेग्युलेटर, इन्व्हर्टर, सगळी उपकरणं सोडवून ठेवायची (नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स उडतं), लिंकवरचा एकेक न्यूट्रल सुटा करायचा आणि प्रत्येक सर्किट ५०० व्होल्ट डीसीवर तपासायचं: फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल. एक मेगाओमच्या खालचं सर्किट मी चालूच करत नाही. नव्या वायरिंगला तर त्याच्या कितीतरी पट रीडिंग यायला हवं. दोष सापडला की ती वायर बदलायची. टेपवर टेप नको.

इन्व्हर्टर आहे का, ते कळलं नाही. असेल तर त्याच्या लाइनचा फेज आरसीसीबीच्या आधून घेतलेला आणि न्यूट्रल घरच्या कॉमन लिंकवर सोडलेला, असं खूप ठिकाणी सापडतं. त्यात वायर धड असूनही आरसीसीबी पडतो, पण मग त्या लाइनवरचा पंखा-दिवा लावला की लगेच. त्यावरून फरक ओळखता येतो. आणि फक्त गीझर लावल्यावर पडत असेल तर आधी गीझरचं एलिमेंट बघा.

‘ट्रिप न होणारा’ म्हणून कुणी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आरसीसीबी सुचवेल. तो आगीपासून बचावासाठी असतो, माणसाला शॉक लागताना त्याचा भरवसा नाही. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारात घ्या की कोपऱ्यावरच्या दुकानात, ३० मिलिअँपिअरचाच घ्या आणि आयएसआय मार्क बघून घ्या.

काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून करून घ्या आणि शेवटचे पैसे देण्याआधी रीडिंग कागदावर मागा. सप्लाय देण्याआधी वायरिंगची टेस्ट घ्यावी, हे आयएस ७३२ या वायरिंगच्या भारतीय मानकातच आहे, तुम्ही काही जास्तीचं मागत नाही. प्रत्येक सर्किटचं मेगर रीडिंग, प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थ सलग आहे का, आणि ३० मिलिअँपिअरला आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला, ते लिहून घ्या. ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा. टेस्टचं बटण दाबून दाखवलं म्हणजे टेस्ट झाली असं नाही. बटणाने आतली यंत्रणा चालते एवढंच कळतं, अर्थिंगबद्दल काही कळत नाही.

मेगर होईपर्यंत बाथरूमच्या आणि ओल आलेल्या भिंतींच्या सर्किटचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही डीबीतून सोडवून ठेवायला सांगा. आंघोळीचं पाणी चार दिवस गॅसवर तापवा.