सैन्यात आहे म्हणून घरी पिस्तूल ठेवायचा परवाना सहज मिळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही सैन्यात नाईक, पोस्टिंग ईशान्येकडे, घर पारोळा तालुक्यात. बांधावरून चुलतभावांशी वाद पेटलाय, घरी आई-वडील दोघंच. आर्मीचं ओळखपत्र दाखवून पिस्तुलाचा परवाना मिळेल का, आणि नाहीच मिळाला तर सुटीवर येताना युनिटमधलं हत्यार सोबत आणता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, आणि हा प्रश्न युनिटमध्ये कुणाला मोठ्याने विचारूही नका. कोतमधून, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारातून, सही करून घेतलेलं हत्यार ड्युटीपुरतं असतं. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 प्रमाणे सरकारी सेवकाला परवान्याची सूट आहे ती कर्तव्य बजावताना. सुटीचा पास हातात पडला की शस्त्रांच्या बाबतीत तुम्ही आणि गावातला किराणा दुकानदार एकाच रांगेत.

आता परवाना. मी तोफखान्यात सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो. गाव अमळनेर तालुक्यात. माझ्याकडे .32 चं रिव्हॉल्व्हर आहे, रीतसर. पहिला अर्ज मात्र सपशेल परत आला, आणि चूक माझीच होती. परवाना का हवा, या रकान्यात मी झोकात लिहिलं होतं, 'भारतीय सैन्यात सेवा'. चौकशीला आलेले पोलीस जमादार वयस्कर होते. ओट्यावर बसून चहा घेतला, अर्ज दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ते समजनं. पन तुले बंदूक कसाले जोयजे रे भाऊ?" मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर सतरा वर्षं खांद्याला रायफल होती, ती गेल्यावर खांदा मोकळा वाटत होता, एवढंच कारण होतं. ते रकान्यात कसं लिहिणार?

शस्त्र नियम 2016 मधला नियम 12 वाचा. ज्यांच्या अर्जाचा विचार करता येतो अशांच्या यादीत सैन्यदलात, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलात किंवा राज्य पोलिसात असलेले आणि निवृत्त झालेले, सगळे आहेत. आपले लोक तेवढंच वाचून खूश होतात. वाक्य पुढे चालू आहे : 'आणि' ज्याला जिवाच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणाची खरी गरज आहे. वर्दीमुळे अर्ज विचारात घेतला जातो. गरज तुम्हालाच दाखवावी लागते.

त्यातही बंदूक आणि पिस्तूल यात कायदा फरक करतो, तो फारसा कुणी सांगत नाही. कलम 13 प्रमाणे संरक्षणासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीवाली बंदूक, म्हणजे आपली बारा बोर, किंवा पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली तर नाकारायला ठोस कारण लागतं. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचं उलट, तिथे द्यायलाच सबळ कारण लागतं. शस्त्र बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत अधिकार नाही, त्यामुळे हक्काची भाषा तिथे चालत नाही.

बोअरचंही, म्हणजे नळीच्या मापाचंही, ऐका. तुम्ही ज्यावर सराव करता ते 9 मिमी पिस्तूल खासगी माणसासाठी 'प्रतिबंधित बोअर'मध्ये येतं. जिल्हाधिकारी देतात तो परवाना अप्रतिबंधित बोअरचा, म्हणजे .32 किंवा .22 सारख्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा. आमच्याकडे वरणगावला लष्करासाठी गोळ्या तयार करणारा अख्खा कारखाना आहे, माझे दोन नातेवाईक तिथून निवृत्त झाले. म्हणून जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला काडतुसं सोपी, असं कुणाला वाटत असेल तर वाटू द्या. विनापरवाना प्रतिबंधित हत्यार सापडलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर सात ते चौदा वर्षं कैद आहे. साधं विनापरवाना असलं तरी दोन ते पाच. सातपुड्यापलीकडून येणारा गावठी कट्टा वीस-पंचवीस हजारात मिळतो म्हणून सुचवणारा मित्र तुम्हालाही भेटेल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

दुसरा एक 'शॉर्टकट' फौजींमध्येच फिरतो, पोस्टिंगच्या ठिकाणी परवाना काढायचा. माझ्या बॅटरीतल्या (तोफखान्यातली आमची तुकडी) दोघांनी जम्मूकडे असताना एजंटाला पैसे देऊन तसे काढले. चौकशी नाही, गावाकडे पोलीस नाही, फोटो दिला की पुस्तिका हातात. पुढे 2012 ते 2016 मध्ये जम्मू-काश्मीरमधून वाटलेल्या 2.78 लाख परवान्यांची सीबीआय चौकशी लागली, त्यात बाहेरच्या राज्यांतल्या जवानांच्या नावावरचेही होते. आमच्या दोघांची हत्यारं ठाण्यात जमा झाली आणि जबाब द्यायला चकरा झाल्या त्या वेगळ्या. परवाना गावाकडूनच काढा, वेळ लागला तरी.

माझा दुसरा अर्ज वेगळा होता. मधल्या काळात मी बँकेची रोकड नेणाऱ्या गाडीवर नोकरी धरली होती, रात्री-अपरात्री एकट्याने घरी परतायचो, रस्त्यात एकदा अडवलंही होतं. त्याच्या तक्रारीची प्रत, सेवापुस्तिका, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्रसुरक्षेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असं सगळं जोडलं. तुम्ही सेवेत आहात, तेव्हा कमांडिंग ऑफिसरचं ना हरकत पत्रही जोडा. ठाण्यातून अहवाल वर वर सरकत पोलीस अधीक्षकांकडून जिल्हाधिकारी कार्यालयात जातो. नियमात पोलीस अहवालाला तीस दिवस आहेत. माझे चौदा महिने गेले. तेच जमादार पुन्हा आले होते, या वेळी त्यांनी घरातली लोखंडी तिजोरी उघडून बघितली, भिंतीत बोल्ट मारलेत का ते हलवून पाहिलं आणि नातू किती वर्षांचा ते विचारलं. मला तो माणूस आवडला.

तुमच्या बाबतीत मला खटकतं ते वेगळंच. परवाना मिळाला असं धरू. तो तुमच्या नावाचा. वर्षातले दहा महिने तुम्ही ईशान्येकडे. पिस्तूल पारोळ्यात कपाटात राहिलं आणि रात्री कडी वाजली म्हणून वडिलांनी हातात घेतलं, तर परवान्यावर नाव नसलेल्या माणसाच्या हातात हत्यार, म्हणजे गुन्हा त्यांच्यावर आणि जबाबदारी तुमच्यावर. सोबत नेलंत तर ते युनिटच्या कोतमध्ये पडून राहणार, आई-वडिलांना त्याचा काय उपयोग? सैनिकांना अखिल भारतीय वैधता, म्हणजे देशभर चालणारा परवाना, मागता येते, ती अशा बदल्यांसाठीच आहे, पण तिने हा पेच सुटत नाही. धोका आई-वडिलांना असेल तर अर्ज वडिलांच्या नावाने, बारा बोरसाठी करावा. तो टिकण्याची शक्यताही जास्त.

आणि बांधाचा वाद हे दुधारी कारण आहे बरं. एकतर्फी धमक्या असतील आणि ठाण्यात नोंद असेल तर गरज दिसते. पण चुलतभावानेही तुमच्यावर उलट एन.सी. (अदखलपात्र तक्रार) केलेली असेल, तर अहवालात 'सार्वजनिक शांतता' हे दोन शब्द येतात आणि कलम 14 खाली अर्ज संपतो. नाकारला तर कारणं लेखी मागा, कलम 18 प्रमाणे अपील करता येतं. सुटीवर असताना भांडणात तुमचं नाव एफआयआरमध्ये येऊ देऊ नका. परवाना तर जाईलच, युनिटलाही कळवलं जातं.

मिळालाच परवाना, तर पाच वर्षांचा असतो. त्याची तारीख घरच्या कॅलेंडरवर नाही, मोबाइलात टाका, कारण मुदत संपल्यावर हत्यार घरात ठेवणं बेकायदा. ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. सैन्यातल्या माणसाला आणखी एक सोय आहे, कलम 21 प्रमाणे युनिटच्या शस्त्रागारातही जमा करता येतं. बाहेर नेताना होल्स्टरमध्ये, झाकलेलं. जत्रा, मिरवणूक, शाळा-कॉलेजच्या आवारात अजिबात नाही. हळदीला भाच्याने कितीही "मामा, एक तरी बार" म्हटलं तरी नाही, अशा हौशी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. निवडणूक लागली की अनेकांना हत्यार जमा करण्याची नोटीस येते. माझं तर दर निवडणुकीला ठाण्यात मुक्कामाला जातं, पावत्यांची वेगळी फाईल झालीय.

मूळ वाद बांधाचा, तेव्हा भूमी अभिलेखकडे सरकारी मोजणीचे पैसे भरलेत का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. वडिलांचं वय आणि दोन्ही बाजूंच्या तक्रारी ठाण्यात कुठल्या कलमाखाली आहेत तेवढं इथेच कळवा, मग अर्जातला तो रकाना कसा भरायचा ते सांगतो.